कवडीचं झबलं

कवडी आधी नुसतं पोट चाटायची. मांजर म्हटल्यावर चाटणारच, म्हणून रेणुकानं मनावर घेतलं नाही. पण संक्रांत जवळ आली तशी ती थांबेनाशी झाली. दुधाची वाटी पुढं ठेवली तर दोन घोट घ्यायची आणि मागचा पाय वर करून पुन्हा सुरू. खरखर, खरखर. भाकरी थापताना रेणुकाच्या कानात तोच आवाज. एके दिवशी तिनं कवडीला मांडीवर उताणी घेतली, तर पोटावरचे आणि मांड्यांच्या आतले केस साफ गेलेले. खाली गुलाबी कातडी आणि तिच्यावर लाल पुटकुळ्या.

त्याच आठवड्यात स्वराच्या पाठीवर पुरळ उठलं.

स्वरा म्हणजे रेणुकाची दहा महिन्यांची लेक. सासूबाईंनी, तुळजाबाईंनी, नातीचं झबलं वर करून पाहिलं, मग कोपऱ्यात चाटत बसलेल्या कवडीकडं पाहिलं आणि निकाल देऊन टाकला.

"हिचंच लागलंय लेकराला. बघ की, हिचं बी तसंच अन् तिचं बी तसंच."

"आत्याबाई, स्वरा तिला हातबी लावत न्हाई. ती रांगत आली की कवडीच पळती."

"तू नको शिकवू मला. तीन लेकरं वाढवली मी."

सासरे जगन्नाथ ओट्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "पुढच्या बाजाराच्या दिवशी मला शहागडला जायचंय. गोणीत घालून नेतो. गोदावरीच्या पुलापल्याड सोडली की वापस येत न्हाई मांजर."

रेणुकाच्या हातातला पिठाचा गोळा तसाच राहिला.

लग्न होऊन कुंभार पिंपळगावात आली तेव्हा तिचं या घरात ओळखीचं कोणी नव्हतं. नवरा, सुयश, जालन्याला सळईच्या कारखान्यात. सुट्टी मिळाली की यायचा. दिवसभर घरात ती आणि सासूबाईंच्या सूचना. अशात एका दुपारी पत्र्यावरून हे एवढंसं पिल्लू उतरलं, पांढरंशुभ्र, पाठीवर एकच काळी टिकली, आणि सरळ तिच्या पदरात येऊन झोपलं. कवडीसारखं दिसतं म्हणून कवडी. पुढं दिवस राहिले, ओकाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा न्हाणीच्या दाराशी राखणीला बसायची ती कवडी. आता स्वराला पाजायला घेतलं की पायाशी येऊन बसायची ती पण कवडीच. तिला पुलापल्याड सोडायचं?

घाईघाईत तिनं एक चूक केली. खाज सुटली की गावात जे सगळे करतात तेच. खोबरेल तेलात कापूर विरघळवला आणि कवडीच्या पोटावर चोळला. कवडीनं तो दहा मिनिटांत चाटून साफ केला. मग तोंडाला फेस आला आणि ती पेटीमागं जाऊन बसली ती हाकेला येईना.

रेणुकानं स्वराला सासूबाईंच्या मांडीवर दिलं, कवडीला टोपलीत घालून वर फडकं बांधलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला. तिथं म्हशी, वासरं, एक लंगडता बैल. म्हशीचा दोर धरून उभा असलेला म्हातारा हसला.

"काय आणलंय बाई, कोंबडी का?"

"मांजर हाय, बाबा."

"मांजर! उंदीर धरत न्हाई म्हणून सुई मारायची का तिला?"

सगळे हसले. रेणुका हसली नाही. डॉक्टरही हसले नाहीत हे तिच्या लक्षात राहिलं. त्यांनी आधी "काय लावलंय हिला?" हे विचारलं. तिनं मान खाली घालून सांगितलं.

"कापूर मांजराला विष आहे. आपल्या अंगाला लावलं की अंगावर राहतं. हिला जे लावाल ते हिच्या पोटात जाणार. बरं झालं, लगेच आणलीत."

त्यांनी इंजेक्शन दिलं. कवडीच्या अंगावरून बारीक फणी फिरवून पडलेला कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर झटकला. "पिसवा असत्या तर या कणांचा रंग लाल उतरला असता. पिसवा नाहीत." मग पोटाच्या कडेचे केस भिंगाखाली धरले. "बघा, टोकं तुटलेली आहेत. केस गळाले नाहीत, हिनंच चाटून तोडलेत. खाज येते म्हणून चाटते, चाटून कातडी सोलते, सोलली की आणखी खाज. गजकर्णाचा डाग मला तरी दिसत नाही. घरात नवीन काय आलंय? साबण, फिनेल, फवारणीचं औषध?"

रेणुकानं आठवून आठवून पाहिलं. "काहीच न्हाई."

"झोपते कुठं?"

"घरातच. मधल्या खोलीत."

"आठ दिवस जागा बदलून बघा. पोट झाकून ठेवा, जीभ पोचायला नको. आणि लेकराला लेकरांच्या डॉक्टरांकडं न्या."

लेकरांच्या डॉक्टरांनी मलम दिलं. सकाळी पुरळ दबायचं, सांजेला पुन्हा वर यायचं.

बाजाराला आठ दिवस होते. रेणुकानं सगळ्यांसमोर सौदा मांडला.

"कवडी आजपासून या घरात न्हाई. सबिहाभाभीकडं ठेवते. पुढच्या बाजारापर्यंत स्वराची पाठ साफ झाली, तर मामा, तुम्ही तिला कुठं न्यायचं तिथं न्या. मी तोंड उघडणार न्हाई. अन् न्हाई झाली तर?"

"न्हाई झाली तर मी सोता माझ्या हातानं तिला दूध घालीन," तुळजाबाई म्हणाल्या. त्या आजवर कवडीला केरसुणीशिवाय काही दाखवत नसत.

शेजारची सबिहा शिवणकाम करायची. तिच्याकडं शेत नव्हतं, जनावर नव्हतं, होती ती मशीन आणि चिंध्यांचा ढीग. रेणुकानं स्वराचं आखूड झालेलं पिवळं झबलं नेलं. सबिहानं त्याला शेपटीसाठी भोक पाडलं, पोटाखाली दोन टिचबटणं लावली आणि कवडीला त्यात कोंबली. कवडी जागच्या जागी आडवी पडली, जशी काय मेलीच.

"अगं बाई, ही तर दुल्हन दिसून राह्यली!" सबिहा हसून लोळायचीच बाकी राहिली. "चल गं, उठ. इतका नखरा सासरी चालत न्हाई."

कवडी उठली, चार पावलं वाकडीतिकडी चालली, आणि मग सवय झाल्यासारखी खिडकीत जाऊन बसली. पोट चाटायला वळली की जिभेला कापड लागायचं. वैतागून ती पंजाच चाटायची. गल्लीतल्या बाया मुद्दाम झबल्यातली मांजर बघायला येऊ लागल्या.

पाचव्या दिवशी रेणुकानं टिचबटणं काढली. पुटकुळ्या सुकलेल्या, आणि गुलाबी कातडीवर बारीक, मऊ लव. तिनं त्या लवेवर बोट फिरवलं, अगदी स्वराच्या टाळूवर फिरवायची तसं.

स्वराची पाठ मात्र जास्तच लाल झाली होती. कवडी घरात नसताना.

सातव्या दिवशी दुपारी रेणुका पाणी भरून आली तर घर शांत. मधल्या खोलीत तुळजाबाई भिंतीला टेकून पेंगत होत्या आणि शेजारी कापसाच्या ढिगावर स्वरा झोपली होती, उघड्या पाठीनं. रोजच्यासारखी. तुळजाबाईंनी आपली तिन्ही लेकरं अशीच झोपवली होती. यापेक्षा मऊ गादी कुठली.

कापूस खिडकीपर्यंत चढला होता. दिवाळीपासून वेचून आणलेला, भाव येईल म्हणून जगन्नाथांनी थांबवून ठेवलेला. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात नवीन काय आलंय? रेणुकाला कापूस आठवलाच नव्हता. या दिवसांत मधल्या खोलीत कापूस असतोच, जसं छत असतं, भिंत असते.

स्वराच्या शेजारीच ढिगात ताटाएवढा खोलगट खळगा होता. त्यात पांढरे केस चिकटलेले.

कवडीची जागा. कवडी पोटावर झोपायची, म्हणून पोट. स्वरा पाठीवर, म्हणून पाठ.

तिनं अलगद लेकीला उचलून झोळीत घातलं. मग खोलीत परत आली, डाव्या हाताची बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात त्या खळग्यात खुपसून बसली. उजव्या हातानं तूर निवडत.

"हे काय करून राह्यलीस गं?" जाग्या झालेल्या तुळजाबाईंनी विचारलं.

"उद्या सांगते, आत्याबाई. तवर स्वराला झोळीतच झोपू द्या. माझी आण."

बाजाराचा दिवस उजाडला. जगन्नाथ ओट्यावर गोणी झटकत होते. रेणुकानं त्यांच्यासमोर दोन्ही हात धरले. उजवा साफ. डावा कोपरापर्यंत लाल पुटकुळ्यांनी भरलेला, आणि कोपरावर जशी काय रेघ मारलेली.

"मामा, हा हात कापसात होता. हा नव्हता. कवडी आठ दिवस घरात न्हाई, तरी लेकराचं पुरळ वाढलं. जुन्या कापसात बारीक किडे झाले असतील, डोळ्याला दिसत न्हाईत एवढे. तेच चावून राह्यलेत."

जगन्नाथांनी गोणी खाली ठेवली नाही. "कापूस काय आज आलाय का घरात? माझा बाप ठेवत होता."

"तुमचे वडील इतके दिवस ठेवत होते का?"

जगन्नाथ नुसते कंबर खाजवू लागले. तुळजाबाईंची नजर त्या हातावर गेली.

"तुम्ही काय खाजवून राह्यलात?"

"काही न्हाई. घामोळ्या."

"पुसाच्या थंडीत घामोळ्या?" तुळजाबाई तरातरा पुढं आल्या आणि सगळ्यांदेखत नवऱ्याची बंडी वर केली. दुपारी कापसाला टेकून झोपणाऱ्या जगन्नाथांची कंबर, पाठ, सगळं लालेलाल. "अरे देवा! अन् मला बोलले न्हाईत? मांजराला गोणीत घालायला निघाले! मंग आधी तुम्हीच बसा त्या गोणीत, मी सोडून येते पुलापल्याड!"

तेवढ्यात सबिहा दारात आली, काखेत पिवळ्या झबल्यातली कवडी. तिनं उभ्या उभ्याच खबर घेतली आणि हसू आवरत बटणं उघडली. पोटभर पांढरी लव, बिलकुल नवी.

"देख लो चाचा. मेरे घर में रूई नहीं ना."

जगन्नाथांनी कवडीकडं पाहिलं, सुनेच्या हाताकडं पाहिलं. "हुशार हाय पोरगी," ते कोणाकडंच न बघता पुटपुटले. मग मोठ्यानं, "टेम्पोवाल्याला फोन लाव. भाव येईल तवा येईल, कातडी तरी राहू दे अंगावर."

दोन दिवसांत कापूस गेला. ज्या गोणीत कवडी जाणार होती, तिच्यात ढिगाच्या तळाचा शेवटचा कापूस भरला गेला, आणि तो खळगाही. रेणुकानं खोली झाडली, धुतली, खिडक्या सताड उघडून दिवसभर ऊन खेळवलं. त्याच आठवड्यात स्वराची पाठ बरी झाली. आंघोळीनंतर ती ओली, साफ पाठ पाहून रेणुकाला उगाच डोळे पुसावे लागले.

कवडी घरी आली तेव्हा तुळजाबाई वाटी घेऊन उंबऱ्याशी उभ्या होत्या.

"ये. बोलले व्हते ना, घालीन म्हणून? पी आता. माझ्याकडं काय बघतीस?"

कवडीनं वास घेतला आणि प्यायला लागली. वाटी रिकामी झाली. मग तिनं मागचा पाय वर केला. रेणुका थांबली, तुळजाबाई थांबल्या, झोपाळ्यावरच्या जगन्नाथांचा पायही थांबला.

कवडीनं तो पाय लांब ताणला, जांभई दिली, मिशीवरचं दूध एकदा जिभेनं टिपलं आणि तुळजाबाईंच्या लुगड्याच्या घोळावर अंग टाकून झोपून गेली.

"अगं, उठव हिला," तुळजाबाई कुजबुजल्या. पण त्या स्वतः जागच्या हलल्या नाहीत.