अठरा ग्रॅम

बाळ झोपलेलं असताना ग्राइंडर लावायचा नाही, हा तिने स्वतःच घालून घेतलेला नियम. म्हणून आदल्या संध्याकाळी, बाळ खुळखुळ्यात रमलेलं असताना, उरलेसुरले सगळे कॉफीचे दाणे दळून तिने डब्यात भरून ठेवले.

सकाळी नणंद यायची होती. तिचं कॉफीचं दुकान, आणि काउंटरवरची मुलगी सोडून गेलेली. "घरच्या मशीनवर एक एस्प्रेसो नीट काढून दाखव, जागा तुझी," असं फोनवर म्हणाली होती. वर्षभर चार भिंतींत बोबडं बोलून बोलून हिला वाटायला लागलं होतं, आता मोठ्या माणसांशी बोलणंच विसरणार आपण.

तिने दांड्याची गाळणी काट्यावर ठेवली, आकडा शून्यावर आणला, मोजून अठरा ग्रॅम पूड घातली. सपाट केली, दाबली, गाळणी मशीनला अडकवली, बटण दाबलं. कॉफी नळ सोडल्यासारखी भसकन खाली आली. फिकी, पाणचट. रात्रीत पूड शिळी झाली होती, पाण्याला धरून ठेवायचा जीवच उरला नव्हता तिच्यात. एकोणीस ग्रॅम घेऊन पाहिली, तेच. वीस घेतली तर गाळणी मशीनला बसेना. डब्यात आता बुडाशी चिमूटभर पूड. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तेवढ्यात बेल वाजली. बाळ दचकून उठलं आणि त्याने टाहो फोडला.

नणंदेने आल्या आल्या ओट्यावरचा कप उचलला, घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "अगं, ही कॉफी की डबा विसळलेलं पाणी?"

"ताई, काल दळून ठेवली होती. बाळ उठेल म्हणून."

"आणि दुकानात? गिऱ्हाइकांना सांगणार, हळू बोला, बाळ झोपलंय?"

तिला हसायचं होतं, पण तिने नणंदेच्या हातातला कप काढून घेतला. "थट्टा नका हो करू, ताई. मला या घरातून बाहेर काढा. नाहीतर वेड लागेल मला."

नणंदेचं हसू मावळलं. तिने बाळाला कडेवर घेतलं, पिशवीतून दाण्यांची पुडी काढून ओट्यावर ठेवली. "हं. आत्ता दळ."

"अहो, तो रडतोय..."

"रडू दे. मी आहे ना."

ग्राइंडर घरघरला. बाळ हात पसरून आक्रोश करू लागलं. पान्हा फुटून तिची छाती ओली झाली. काट्यावरचा आकडा ठरेना. सतरा. एकोणीस. तिने चिमूटभर काढली. अठरा. दाबली, अडकवली. मागे वळून पाहिलं नाही.

आधी काहीच पडेना. मग मधासारखी दाट, काळसर धार हळूहळू कपात उतरली.

नणंदेने घोट घेतला. बराच वेळ जिभेवर घोळवला. "सोमवारपासून ये."

तेव्हा कुठे ती वळली. बाळाकडे हात पसरले. हुंदके देणाऱ्या बाळाने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवून आत्याच्या खांद्यात खुपसलं.