टोचन लावून आणलेली जीप

"काचा तरी पुसून द्यायच्या का न्हाई ह्यानं. भंगारात टाकली म्हणून काय झालं, गाडीच हाय ना," चांदपाशा स्टेअरिंगमागं बसल्या बसल्या पुटपुटला.

बोलणं स्वतःशीच होतं, पण महानंदा शेजारी खेटून बसलेली. तिला न ऐकू येऊन कसं चालेल? तिनं समोर पाहिलं. जीपला काच नव्हतीच. नुसती चौकट होती आणि चौकटीतून उदगीरच्या भंगारवाल्याचं आवार, गंजलेल्या पत्र्यांचा ढीग आणि ढिगावर बसलेली एक कोंबडी लख्ख दिसत होती.

"हाव," महानंदा म्हणाली, "लोकांना आजकाल कामाची लाजच न्हाई राहिली."

आणि तिनं पदराचं टोक दातात धरलं.

चांदपाशा म्हणजे नळेगावच्या फाट्यावरचा जुना मिस्त्री. महानंदाचा नवरा श्रीमंत त्याला उस्ताद म्हणायचा. श्रीमंतचं शेत पोटासाठी आणि चांदपाशाचं गॅरेज जिवासाठी, असं महानंदा लग्नापासून सगळ्यांना सांगत आली होती. गॅरेजचं शटर मात्र वर्षभर खालीच होतं. चांदपाशा म्हणायचा, अडकलंय. ज्या माणसानं अख्ख्या पंचक्रोशीतली अडकलेली इंजिनं सोडवली, त्याला स्वतःचं शटर सोडवता येत नाही, हे ऐकून लोक माना डोलवायचे आणि दुसरं काहीतरी बोलायचे. घरात त्याची बायको, बिलकीसभाभी, चहा देताना कपाचा कान त्याच्या बोटाला लावायच्या, मगच कप सोडायच्या आणि वर म्हणायच्या, "गरम हाय, बघून घ्या."

जीप करायची होती ती साक्षीसाठी. साक्षी म्हणजे श्रीमंत-महानंदाची लेक, ढोरांची डॉक्टर. नेमणूक नांदेड जिल्ह्याच्या पार त्या टोकाला, धर्माबादकडं. काळ्या मातीत स्कूटी रुतली की ती स्कूटी तिथंच सोडायची, औषधाची पेटी खांद्याला अडकवून अडलेल्या म्हशीकडं चालत जायची आणि फोनवर आईला सांगायची, "आज जरा फिरायला गेल्ते." नवी चारचाकी घ्यायची ऐपत नव्हती. मग चांदपाशानंच काढलं, दोन मेलेल्या गाड्यांतनं एक जिती करू.

पहिली जीप पोळ्याच्या आधी नांदेडहून टेंपोत घालून आणली. इंजिन झकास, पुढचं अंग शाबूत, पण मागून चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी कणाच म्हणा, पार सडलेली. म्हणून ही दुसरी हवी होती, मागून धड असलेली. हिचं मागचं अंग तिच्या पुढच्या अंगाला जोडायचं आणि मधे चांदपाशाच्या हातचा वेल्डिंगचा टाका. तो टाका टिकला तर गाडी टिकली. तो सुटला तर काय, हे महानंदा मनात आणत नव्हती. आणत नव्हती म्हणूनच ते सारखं येत होतं.

सकाळी चांदपाशानं जीप पारखली ती अशी. पूर्वी तो गाडीखाली पाठीवर सरकायचा आणि वर बघत शीळ वाजवायचा. आज तो नुसता वाकला, पान्यानं इकडं तिकडं ठोकलं आणि तळहात फिरवला. मागच्या अंगाला कुणीतरी डांबर चोपडून ठेवलेलं. हात त्यावरून गुळगुळीत फिरला.

"एक नंबर," चांदपाशा म्हणाला.

त्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर भोक होतं. भोकातून पलीकडचं गवत दिसत होतं. महानंदाला दिसलं. श्रीमंतला दिसलं. भंगारवाल्यालाही दिसत असावं, कारण तो आभाळाकडं बघत होता.

महानंदानं नवऱ्याला चिंचेच्या झाडाआड नेलं.

"अवो, सांगा की त्यांना."

"काय सांगू?"

"भोक हाय म्हणून."

"मग त्यो इचारंल, मला कसं न्हाई घावलं."

"इचारू द्या."

"ज्यानं मला पाना धरायला शिकवला त्याला मी तसं म्हणू का? तू सांग. तुझं तोंड लई चालतंय."

"माझं तोंड तुमच्यावर चालतंय. परक्या माणसावर कसं चालवू?"

अशा रीतीनं चार धड डोळ्यांनी नीट बघून त्यांनी पहिल्या जीपसारखीच, त्याच बाजूनं सडलेली दुसरी जीप घेतली. उस्ताद म्हणतोय तर घेऊ, असं श्रीमंत म्हणाला, आणि भंगारवाल्यानं दोर स्वतःच्या पदरचा दिला.

आता टोचन लावायचं, म्हणजे ट्रॅक्टरला दोर बांधून जीप ओढत न्यायची, तर मागच्या गाडीत जाणतं माणूस लागतं. पुढच्यानं फक्त ओढायचं. दोर ढिला पडू द्यायचा नाही, उतारावर पुढच्याला धडकायचं नाही, हे सगळं मागच्याच्या ब्रेकवर. ती जागा उस्तादाची, असा मान. श्रीमंत दोराची गाठ सोडत होता आणि पुन्हा बांधत होता.

"उस्ताद, तू ट्रॅक्टरवर बसतोस का? वारं लागंल."

"आन मागं कोण बसंल? तुझा आजा?"

"मी बसते की चांदभाईजवळ," महानंदा म्हणाली. "ट्रॅक्टरवर माझी कंबर धरती."

कंबर धरत नव्हती. पण ती चढून बसली.

श्रीमंतनं मोठा रस्ता सोडून आतल्या गावांचा रस्ता धरला. ट्रॅक्टर बैलाच्या चालीनं निघाला. पहिला खड्डा दिसला तशी महानंदाच्या तोंडून आपोआप निघालं, "काय मेला हा रस्ता. उजव्या अंगाला एवढी विहीर पडलीय, कुणाला हाय का काही?"

जीप हळूच डावीकडं सरली.

महानंदानं चमकून बघितलं. चांदपाशा शांतपणे समोर तोंड करून बसला होता. मग तिनं पदर खोचला आणि कुरकुरीला बसली.

"ह्यांनी कामून हळू केलं आता? समोर शेरडं हायत, दुसरं काय." ब्रेक लागला. "गेली बाई एकदाची. चला की मग." ब्रेक सुटला. "हे डावं वळण आलं की माझ्या पोटात ढवळतंय, लईच वाकडं काढलंय." स्टेअरिंग डावीकडं फिरलं.

"वैनी, तुमाला लई तरास व्हायलाय," चांदपाशा म्हणाला.

"हाव बाबा. माझा सोभावच कुरकुऱ्या."

"करा, करा. तेवढंच मोकळं वाटतं माणसाला."

तिला कळलं होतं की तो तिच्या तोंडावर गाडी चालवतोय. त्यालाही कळलं होतं की तिला कळलंय. पण कुणी कुणाला ओळख दाखवली नाही. पुढं श्रीमंत मान वळवून वळवून मागं बघत होता. तुझ्या कुरकुरीनं आजवर कुणाचं भलं झालंय, असं तो जन्मभर विचारत आला होता. महानंदाला वाटलं, घरी गेल्यावर ह्याला उत्तर द्यायचं. खरं सांगायचं तर तिला जरा मजाच यायला लागली होती.

सोयाबीनची काढलेली रानं मागं पडली. एका गावातल्या म्हाताऱ्यानं हात वर करून "काय उस्ताद!" म्हटलं, आणि चांदपाशानं भलत्याच बाजूला बघून सलाम केला. म्हाताऱ्यानं पटकन त्या बाजूला जाऊन तो घेतला.

"उद्या जुम्मा," चांदपाशा खुशीत म्हणाला. "नमाज झाली की टाका मारायला घेतो. साक्षीबेटीला सांगा, चांदचाचाच्या हातचा हाय, बिनघोर बस. पुलावरनं जाऊ दे, नाल्यातनं जाऊ दे."

महानंदाला नुसतं हाव म्हणायचं होतं. एवढा वेळ तोंडाला खळ नव्हता, आणि हा एक शब्द निघेना. डोळ्यांपुढं साक्षी दिसायला लागली. एका हातानं स्टेअरिंग, दुसऱ्या हातानं केस मागं सारणं, मागं औषधाची पेटी खडखडतीय, आणि पेटीखाली डांबर फासलेलं ते लोखंड. आज ह्या माणसाची इज्जत राखायला महानंदाला काही लागलं नव्हतं, नुसतं तोंड चालवायचं होतं. उद्या तीच राखायची तर त्या लोखंडावर लेक बसवावी लागणार होती.

ती गप्प झाली.

पुढं ओढ्याचा उतार होता. दोर ढिला पडला, जमिनीला टेकला. जीप आपसूक ट्रॅक्टरकडं सरकायला लागली. उतार आला, एवढंच म्हणायचं होतं. ट्रॅक्टरचं इंजिन एकदम जवळ ऐकू आलं तसा चांदपाशानं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. दोर ताठ झाला, हिसका बसला आणि सगळंच थांबलं.

श्रीमंत उतरून धावत आला. जीपच्या दारापाशी उभा राहिला.

चांदपाशाचे हात स्टेअरिंगवरच होते.

"वैनी, गप कामून झालात?"

"दम लागला, चांदभाई."

"तुमाला दम लागला, आन माझा रस्ता गेला."

ओढ्यात कुणीतरी धुणं आपटत होतं, त्याचा आवाज येत राहिला. महानंदानं नवऱ्याकडं बघितलं. नवरा दोराकडं बघत होता.

"श्रीमंत, हितंच हाईस का?"

श्रीमंत हातभरावर उभा होता. "हाय की, उस्ताद."

"मागची चासी कशी हाय रे? खरं सांग."

श्रीमंत वाकून दोराची गाठ चाचपायला लागला.

"बरं," चांदपाशा म्हणाला. त्यानं स्टेअरिंग सोडलं आणि हात मांडीवर ठेवले. "मग मीच सांगतो, तुमाला कुणाला जमायचं न्हाई. मला दिसत न्हाई. साखर डोळ्यात उतरलीय. उद्याचा टाका मी मारायचा न्हाई, आन मी हट्ट केला तरी मला मारू देऊ नको."