फाटकाबाहेरची बिस्किटं

जनेलने डब्याचं झाकण उघडलं, आत एकवार बघितलं आणि सगळी बिस्किटं नोरीनच्या डोळ्यांदेखत कचऱ्याच्या बादलीत उपडी केली. वर रिकामा डबा पुसून परत दिला.

"वाईट वाटून घेऊ नका, नोरीन. घरचं खाणं आत आणायचं नाही, असा नियम आलाय वरून."

"अहो, पण त्यात आहे काय? ओट्स, पिकलेली केळी, चार बेदाणे. साखरेचा कण नाही."

"ते तुम्ही सांगता. पाकिटावर छापलेलं असलं म्हणजे आम्हाला जबाबदारी घेता येते."

वृद्धाश्रमाच्या त्या दिवाणखान्यात चहाची ढकलगाडी फिरत होती. नोरीनच्या नवऱ्याच्या, लिंडसेच्या, बशीत गुलाबी क्रीमची दोन बिस्किटं पडली. साखरेच्या दुखण्यापायी त्याच्या पायाचं एक बोट गेल्या हिवाळ्यात कापावं लागलं होतं.

"आणि हे चालतं?" नोरीनने विचारलं.

"ते पाकिटातलं आहे," जनेल म्हणाली. ती व्यवस्थापक होती आणि खोटं बोलत नव्हती. त्याचाच नोरीनला जास्त संताप आला.

लिंडसेने जन्मभर गव्हाचे ट्रक चालवले. त्याच्या रक्तात साखर निघाली तेव्हा नोरीनने घरातला साखरेचा डबाच कोंबड्यांच्या खुराड्यामागे नेऊन रिकामा केला. गावच्या जत्रेत क्रीमच्या केकसाठी बक्षिसं घेतलेली बाई ती. पण बिनसाखरेची पहिली बिस्किटं दगडासारखी झाली. लिंडसेने एक दाताखाली धरलं, काढलं, निरखून बघितलं.

"अगं, उतारावर ट्रक उभा केला की चाकाखाली लावायला बरं आहे हे," तो म्हणाला. आणि चहात बुडवून बुडवून सगळी संपवली. हळूहळू तिला जमत गेलं. साल काळी पडेपर्यंत केळी ठेवायची, ओट्स निम्मे भरडायचे, भट्टीतून काढल्यावर गार होईपर्यंत हात लावायचा नाही. मग त्याचं विसरणं वाढलं, तो न्हाणीघरात पडला, तिला एकटीला उचलवेना. त्याला इथे आणून सोडलं तेव्हा तिने एकच ठरवलं होतं, त्याचं खाणं तरी परक्यांवर टाकायचं नाही.

घरी पोचल्यावर तिने कोट न काढताच केळी कुस्करायला घेतली. इतक्या जोरात, की भांडं ओट्यावरून सरकत होतं. "पाकिटातलं आहे म्हणे," ती भांड्याला सांगत होती.

दुसऱ्या दिवशी तिने लिंडसेला चाकाच्या खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर शाल टाकली आणि त्याला फाटकाबाहेर, रस्त्यालगतच्या बाकापाशी नेलं. डबा उघडून त्याच्या मांडीवर ठेवला. तो खाऊ लागला. नोरीन बाकावर बसून राहिली.

थोड्या वेळाने जनेल लगबगीने आली.

"नोरीन, हे काय? लोक बघताहेत. उद्या यांना काही झालं तर?"

"तुमचा नियम फाटकापर्यंत आहे. मी फाटकाबाहेर आहे."

"पण जबाबदारी कोणाची?"

"माझी. लग्न केलंय मी याच्याशी. काल तुम्ही ती बादलीत टाकलीत ना, ती बिस्किटं नव्हती, बाई. मी याच्यासाठी आता एवढंच करू शकते, ते टाकलंत."

जनेलचा हात नुसताच गळ्यातल्या ओळखपत्राशी चाळा करत राहिला. लिंडसेला दोघींमधला ताण जाणवला असावा. ट्रक थांबवून वाटेतल्या माणसांना पाणी विचारायची त्याची जुनी सवय. त्याने डबा जनेलपुढे केला.

"घ्या एक. बायको करते माझी. साखर नाही घालत, पण कळतसुद्धा नाही."

जनेलने एक उचललं. तिथेच, उभ्या उभ्या, पूर्ण खाल्लं. मग मान खाली घालून आत निघून गेली.

लिंडसेने डबा नोरीनकडे वळवला. "तुम्हीही घ्या ना, बाई. लाजू नका. तिला ओळखता का तुम्ही, माझ्या बायकोला?"

समोरून गव्हाचा एक ट्रक गेला. धूळ बसेपर्यंत नोरीनने डब्यावर हात धरला.

"हो," ती म्हणाली, "तोंडओळख आहे."

मग तिने एक बिस्किट घेतलं आणि पाहुणीने खावं तसं सावकाश खाल्लं.