खाली येताना

शेवटची काही सेकंदं उरली होती आणि आम्ही एका गुणाने मागे होतो. आम्ही म्हणजे माझ्या बायकोच्या शाळेच्या मुली. माझा बास्केटबॉलशी संबंध एवढाच, की मी खेळाच्या बाईंचा नवरा. पोटापाण्यासाठी माझं फोटो फ्रेम करून द्यायचं दुकान आहे. तरीही त्या दिवशी मी बाकावर उभा राहून घसा फोडत होतो.

कुणीतरी टाकलेला बॉल बास्केटच्या कड्यावर आपटून वर उसळला आणि त्याच्यामागे आमची शिडी उडाली. शिडी म्हणजे संघातली सगळ्यात उंच मुलगी. तिने हवेतच बॉल दोन्ही हातांनी धरला. कडं हाताच्या अंतरावर होतं. तेवढ्यात आमच्याच एका मुलीचा, तीही त्याच बॉलसाठी उडालेली, खांदा शिडीच्या कमरेला लागला आणि शिडी अधांतरी कलली.

तिथून अंग पिळून, एका पायावर येत, तिला बॉल कड्यात ढकलता आला असता. निदान पाहणारे सगळे तसंच म्हणतात. शिडीने बॉल सोडून दिला. हात पसरले, दोन्ही पाय बरोबर टेकवले, गुडघे वाकवले आणि खुर्चीत बसावं तशी ती खाली आली. पायांचा आवाजसुद्धा झाला नाही. बॉल घरंगळत रेषेबाहेर गेला, शिट्टी वाजली आणि आम्ही अंतिम सामना हरलो.

शिडीचे वडील माझ्या शेजारीच उभे होते. ते फरशी बसवायचं काम करतात, आणि खेळाच्या जोरावर पोरीला चांगल्या कॉलेजात जागा मिळेल या आशेवर त्यांनी ते वर्ष काढलं होतं. निवड करणारी माणसं समोरच बसली होती. ते तरातरा मैदानात उतरले आणि सगळ्यांदेखत हिच्यासमोर, म्हणजे माझ्या बायकोसमोर, जाऊन उभे राहिले.

"पोरीच्या हातात बॉल होता," ते म्हणाले. "कुठली मास्तरीण बॉल सोडायला शिकवते, मला सांगा."

हिने ते ऐकलं की नाही, याचीच मला शंका आहे. ही शिडीच्या गुडघ्याकडे बघत होती. सामना हरलेला, समोर माणूस अंगावर येतोय, आणि हिचा चेहरा उजळलेला. आमच्या लग्नातसुद्धा ही इतकी खूश दिसली नव्हती.

हिची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. ही अकरावीत असताना खेळताना उडी मारून एका पायावर खाली आली, गुडघा आत वळला आणि आतून कट्कन काहीतरी तुटलं. गुडघ्यात हाडाला हाड बांधून ठेवणारा लिगामेंट असतो, तो. ऑपरेशन झालं, पण गुडघा पुन्हा हिच्या विश्वासातला राहिला नाही. सगळे म्हणाले, नशीब. हिला ते पटलं नाही. नशिबाला दोष देऊन गप्प बसणारी बाई असती तर माझा संसार बराच शांततेत झाला असता.

पुढे ही शाळेत खेळाची शिक्षिका झाली आणि वाचून, विचारून, डॉक्टरांचं डोकं खाऊन हिने एक गोष्ट शोधून काढली. वाढत्या वयात मुलींची उंची भराभर वाढते, ताकद मागे राहते, आणि उडीनंतर खाली येताना गुडघे एकमेकांकडे झुकतात. ते सुधारता येतं. सगळं टळत नाही, पण बरंच टळतं. तेव्हापासून हिच्या मुलींना सरावाआधी बॉलला हात लावायची परवानगी नव्हती. आधी एका पायावर उभं राहायचं. मग गुडघ्यांवर बसून, मागून मैत्रिणीने घोटे धरलेले असताना, हळूहळू पुढे झुकायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणाचं तरी कानातलं हरवलंय आणि अख्खी टीम शोधतेय. मग बाकावरून उड्या.

उड्यांच्या वेळी ही मुलींकडे पाठ करून उभी राहायची. नुसती ऐकायची. धप्प आवाज आला की न वळता म्हणायची, "कोण गं ती पोतं टाकणारी? पुन्हा." कोण ती, हे हिला बरोबर ठाऊक असायचं. आणि वर एक नियम, हवेत तोल गेला तर बॉल सोडा. बॉल परत मिळतो.

घरीही तेच. दुकानात मी स्टुलावरून उतरलो तरी ही काउंटरपलीकडून माझे गुडघे बघायची.

पालकांची कुरकूर पहिल्यापासून होती, की बाई पोरींना खेळ कधी शिकवणार. त्यांचंही काय चुकलं म्हणा. माझ्या दुकानात कप उंचावलेल्या संघांचे फोटो येतात. धडधाकट राहिलेल्या गुडघ्याचा फोटो फ्रेम करायला आजवर कुणी आणलेला नाही.

सामन्यानंतर पालक मुख्याध्यापकांना भेटले. मुख्याध्यापकांनी हिला बोलावलं, चहा पाजला, हिच्या कामाचं तोंडभरून कौतुक केलं, आणि मोठ्या मुलींचा संघ बाहेरून येणाऱ्या एका तरुण प्रशिक्षकाकडे दिल्याचं सांगितलं. हिच्याकडे पहिली-दुसरीची मुलं. हिने एवढंच मागितलं, की सरावाची सुरुवात आहे तशी राहू द्या. ते म्हणाले, बघू. 'बघू' म्हणजे काय, हे नोकरीत केस पांढरे झालेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मी तो दिवसभर दुकानात धुमसत होतो. दोन काचा माझ्या हातून चुकीच्या मापाने कापल्या गेल्या. संध्याकाळी ही दुकानाच्या पायरीशी आली आणि म्हणाली, शिडीच्या घरी जायचंय, सोबत चला. मी शटर खाली ओढलं आणि बाह्या सरसावल्या. शिडीच्या वडिलांना काय काय सुनवायचं, याची मनात जुळवाजुळवही सुरू केली.

"भांडायला नाही हो," ही म्हणाली. "आभार मानायला."

"कुणाचे?"

"शिडीचे."

"तिने बॉल सोडला म्हणून तर टीम गेली तुझ्या हातून."

"तिने माझं ऐकलं," ही म्हणाली. "हवेत असताना, सगळे ओरडत असताना, बाप समोर उभा असताना. इतकं माझं आयुष्यात कुणी ऐकलेलं नाही."

शेवटचं वाक्य मला उद्देशून होतं, पण रस्त्यात वाद नको म्हणून मी ते पोटात घातलं.

शिडीचं घर वरच्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. दार वडिलांनीच उघडलं. अंगावर बनियन, हाताला सिमेंटचे डाग. आम्हाला बघून त्यांचा चेहरा आक्रसला, पण दारातून परत पाठवणारा माणूस नव्हता तो. खोलीत भिंतीला टेकवून नमुन्याच्या फरश्या ठेवल्या होत्या. घरातली जमीन मात्र उरल्यासुरल्या तुकड्यांची, एकाला एक न जुळणाऱ्या रंगांची. पण सांधा असा बसवलेला, की त्यात नख शिरू नये.

शिडीच्या आईने पाणी आणून दिलं आणि लेकीला हाक मारली. पोरीचे डोळे सुजलेले होते. सामन्यापासून ती मैदानावर गेलीच नव्हती. हिने तिला शेजारी बसवलं आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. ताप बघायला कपाळावर ठेवतात तसा.

"सॉरी बाई," शिडी म्हणाली. "माझ्यामुळे हरलो."

"मी तुझे आभार मानायला आलेय," ही म्हणाली. "अकरावीत मीही अशीच उडाले होते. अशीच कलले. मी बॉल सोडला नव्हता."

शिडीचे वडील इतका वेळ खिडकीकडे तोंड करून उभे होते. ते वळले.

"मग? बास्केट झाली?"

"झाली," ही म्हणाली. "आम्ही जिंकलो. कप अजून असेल त्या शाळेत. त्यानंतर मी खेळले नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात ती बास्केट झाली होती, हे मलाही माहीत नव्हतं. मी आपला समजत होतो की पोरगी पडली, पाय गेला, संपलं. ती जिंकली होती, हे हिने कधी तोंडातून काढलं नव्हतं. मला त्या क्षणी त्या शिडीचे पाय धरावेसे वाटले. हिने जन्मभर जे पेरलं, ते एकदा तरी उगवलेलं हिला या पोरीमुळे बघायला मिळालं. त्या एका उडीसाठी मी तिचा ऋणी आहे, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही.

शिडीने विचारलं, नवे सर बॉल सोडू देतील का. ही म्हणाली, सर हुशार आहेत, त्यांच्याकडून नेम शिकून घे. उद्यापासून मैदानावर ये. आणि खाली कसं यायचं हे तुला आता कुणी शिकवायची गरज नाही, बाकीच्या मुलींना तूच शिकव.

आम्ही निघालो. वडील दारापर्यंत आले. त्यांना सुनवायचं म्हणून जुळवून आणलेलं सगळं मी आता विसरलो होतो.

जिना अरुंद होता. चढताना हिला फार त्रास होत नाही, उतरताना होतो. आधी दुखरा पाय खालच्या पायरीवर, मग चांगला त्याच्या शेजारी, मग थांबायचं. दोन्ही हात कठड्यावर. मी हिची पर्स घेऊन मागे. मदत केलेली हिला चालत नाही, हे मला पूर्वीच कळून चुकलंय.

वरून चपलांचा आवाज आला. शिडीचे वडील मला चुकवून, भिंतीला अंग घासत पुढे गेले आणि हिच्या दोन पायऱ्या खाली जाऊन वळून उभे राहिले. हिच्याकडे तोंड करून. जन्मभर जमिनीवर गुडघे टेकून काम केलेला माणूस. त्याचेही गुडघे करकरत होते. ही एक पायरी उतरली की ते एक पायरी मागे सरकायचे. हात पुढे केला नाही. वळणावर ही दम खायला थांबली, तेही थांबले.

"सावकाश, बाई," ते म्हणाले. "घाई काय आहे."

हिने कठड्यावरचा एक हात काढला आणि त्यांच्या खांद्यावर ठेवला.