हात

"आरं, खाल्ली की कोळंबी त्यानं! सयाजी, झोपलायस काय लेका?"

ओरडत अमरसिंहानं सयाजीची तंगूस, गरीची नायलॉनची दोरी, वर ओढली. गरी धुतल्यासारखी स्वच्छ होती. खाडीवरचा हा तिसरा दिवस. सयाजीच्या गरीवरचं आमिष आतापर्यंत नऊ वेळा खाल्लं गेलं होतं आणि एकदाही त्यानं हिसका दिला नव्हता. शेजारी अमरसिंहाच्या लेकीनं, आयुष्यात पहिल्यांदा गरी धरून, दोन तांबोश्या काढल्या होत्या.

"भावजी, मासं वळखत्यात तुमाला," अमरसिंहाची बायको म्हणाली. "मेकॅनिक आलाय, फुकट जेवून घ्या म्हणत्यात."

सगळे हसले. सयाजीही हसला. त्याची बायको शालन हसली नाही.

जयसिंगपूरजवळच्या या दोन घरांची दिवाळीनंतरची ही रीतच होती. गगनबावड्याचा घाट उतरायचा आणि आठवडाभर समुद्रावर राहायचं. आधी काठावर, मग होडीतून खोल पाण्यात. यंदा मात्र सयाजी मासे धरायला नव्हे, हात तपासायला आला होता.

पंचवीस वर्षं तो नदीकाठचे पंप दुरुस्त करत होता. चालू मोटरीवर तळवा टेकवून तो सांगायचा, "बेअरिंग दोन महिनं काढंल." दोन महिने निघायचे. दोन वर्षांपूर्वी मधुमेहानं त्याच्या पायांची बोटं बधिर झाली. बधिरपणा हळूहळू गुडघ्यापर्यंत चढला आणि मग हातांच्या बोटांत आला. गेलेली जाणीव बहुधा परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याच्याखेरीज ते फक्त शालनला माहीत होतं.

गेल्या महिन्यात त्यानं पाणी संस्थेच्या मोटरीवर तळवा ठेवला आणि काही बिघाड नाही म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी मोटर जळाली. व्होल्टेजनं जळाली, असं चेअरमन अमरसिंहानंच सगळ्यांना सांगून टाकलं. सयाजी गप्प राहिला. आता सोमवारी ती दुरुस्त करून पुन्हा बसवायची होती. खाली विहिरीत दोन माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहणार होती, सयाजीच्या शब्दावर.

"सांगा की अमर भावजींस्नी," दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना शालन म्हणाली.

"अजून होडी हाय. खोलातला मासा दांडगा असतोय. त्यो कळंल."

"आन न्हाय कळला तर?"

सयाजीनं कप खाली ठेवला आणि गरी उचलली.

सहाव्या दिवशी होडी किनाऱ्यापासून बरीच आत गेली. सयाजीनं तंगूस सोडली, तिचा एक वेढा तळव्याभोवती घेतला आणि डोळे मिटले. दोरीवर मासा होता की लाट, हे त्याला ठरवता येईना. मग त्याचा खांदा एकदम पुढं ओढला गेला.

"आला!" तो ओरडला. "कळला! अमर, मला कळला!"

मासा पळत होता. सयाजी हसत, दात आवळून ओढत होता. सुरमई होती, दोन हात लांब. तिची पाठ पाण्यावर चमकली तेव्हा अमरसिंहानं शिट्टी मारली.

तेवढ्यात होडी चालवणारा तांडेल ओरडला, "भाऊ, सोडा ती दोरी! हाताक रगत येता तुमच्या!"

सयाजीनं खाली पाहिलं. तंगूस करंगळीच्या बाजूनं तळव्यात शिरली होती. मांडीवर, फळीवर, सगळीकडं रक्त होतं. त्याच्या चेहऱ्यावर वेदना नव्हती. तो फक्त बघत राहिला.

तांडेलानं दोरी कापली. सुरमई गेली.

अमरसिंह टॉवेल गुंडाळू लागला. "हाड दिसतंय रं! दुखत न्हाय काय तुला?"

"न्हाय."

"म्हंजे?"

"खांद्याला कळला मासा. हाताला न्हाय. ती मोटर व्होल्टेजनं न्हाय जळली, अमर. गरम झालती, मला कळलंच न्हाय. सोमवारी दुसरा माणूस बघ."

अमरसिंहाचे हात थांबले. मग त्यानं टॉवेलची गाठ मारली.

होडी परत वळली. अर्ध्या वाटेत इंजिन अडखळलं, एक ठोका चुकला. अमरसिंहानं सवयीनं सयाजीकडं पाहिलं आणि लगेच नजर समुद्राकडं वळवली. सयाजी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. इंजिन पुन्हा अडखळलं. तांडेलच उठला, आणि सयाजीनं पाय जवळ घेऊन त्याला वाट करून दिली.