काचवाल्यांच्या पिकअपचा मागचा बल्ब

मित्रांनो, तुम्ही मला नक्की पाहिलं असेल. पण गाडी मागे येत असताना, म्हणजे तुम्ही घाईघाईने बाजूला होत असताना. अशा वेळी कोणी नीट ओळख करून घेत नाही. म्हणून आज निवांत सांगतो. मी एक जुना बल्ब आहे. पिकअप गाडीच्या मागच्या बाजूचा, रिव्हर्सचा. गाडी पुढे जाते तेव्हा मी विझलेला असतो. ती मागे निघाली की मी पेटतो. त्यामुळे डोळे उघडले की जग आपणहून मला भेटायला येतं, असा माझा बरीच वर्षं समज होता. भिंती, खांब, कचऱ्याचे डबे, सगळे माझ्याकडे येत. इतका मान फार थोड्यांना मिळतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काचेचा फुगा, त्यात केसासारखी बारीक तार, खाली धातूची टोपी, एवढाच माझा संसार. जन्मल्याबरोबर मला एकदा पेटवलं, लगेच विझवलं आणि ‘पास’ म्हणून खोक्यात टाकलं. त्यानंतर मी कुठलंही शिक्षण घेतलं नाही. गरजच पडली नाही.

माझी नेमणूक काचवाल्या काकांच्या पिकअपवर झाली. काका खिडक्यांच्या काचा आणि आरसे कापून लोकांच्या घरी पोचवत. गाडीत लाकडी घोडा होता, त्याला काचा टेकवून दोरीने बांधलेल्या असत. गाडीच्या मागे उजवीकडे मी आणि डावीकडे माझा जुळा भाऊ. भाऊ फार दिवस टिकला नाही. एकदा गाडी जोरात खड्ड्यात गेली, आणि त्याची तार तुटली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी एकटाच दोघांचं काम करू लागलो, म्हणजे माझं एकट्याचंच.

काकांचा कारखाना एका अरुंद गल्लीच्या टोकाला होता. गल्ली संपते तिथे भिंत, आणि भिंतीला लागून कारखान्याचं दार. गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून ती रोज मागे मागेच आत यायची. आत काचा असल्या की काकांना मधल्या आरशातून काही दिसत नसे, आणि बाजूच्या आरशात अर्धी गल्ली आणि अर्धा स्वतःचा कान दिसे. त्यामुळे गाडी आणायचं काम खरं तर काकू करत. त्या मागे उभ्या राहून म्हणत, “येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या…” आणि गाडी भिंतीपासून वीतभर राहिली की, “बास.” काका थांबत. कधी चूक नाही. त्या गल्लीतली तान्ही मुलं ‘आई’ म्हणायच्या आधी ‘येऊ द्या’ म्हणायला शिकली, आणि त्यांच्या आयांना त्याचं थोडं वाईट वाटे.

माझं कौतुकही झालं. गल्लीत एक कुत्रं झोपायचं. मी पेटलो की त्याला वाटे सूर्य उगवला. ते उठून आळस देई आणि कामाला लागल्यासारखं निघून जाई. संध्याकाळी एवढ्या उशिरा सूर्य का उगवतो, हे त्याने कधी विचारलं नाही. एकदा काकू म्हणाल्या, “बरंय हा दिवा आहे, नाहीतर चाकाखाली आलं असतं.” हे वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

पण मित्रांनो, दिवस सारखे राहत नाहीत. माझी काच आतून काळवंडली. माझ्यावरच्या झाकणावर धुळीचा थर चढला. काका रोज सकाळी ओल्या कागदाने गाडीची पुढची काच, दाराच्या काचा, आरसे असे घासत की त्यात माशी स्वतःला पाहून लाजावी. माझ्या झाकणाला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. ते प्लास्टिकचं होतं, आणि काका प्लास्टिकला मोजत नसत. माझा उजेड हळूहळू पातळ चहासारखा झाला.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट होत होती. काकांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त काकांना कोणी कळवलं नव्हतं. गाडीच्या सिग्नलची टिकटिक त्यांच्या कानापर्यंत पोचत नसे. समोरच्या तक्त्यावर सिग्नलबरोबर लुकलुकणारा हिरवा बाण केव्हाच बंद पडला होता. त्यामुळे एकदा डावीकडे वळले की ते संध्याकाळपर्यंत डावा सिग्नल घेऊनच फिरत. मागच्या गाडीवाल्यांनी सुरुवातीला शिव्या दिल्या. पुढे त्यांनी असं मानून घेतलं की या घराण्याची ही खूण असावी.

एका संध्याकाळी गाडी अशीच मागे येत होती. काकूंच्या हातात जेवणाचा रिकामा डबा होता. “येऊ द्या, येऊ द्या,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “बास.” गाडी आलीच. “अहो, बास.” गाडी येतच राहिली. मी त्यांच्या अंगावर चाललो होतो आणि माझ्या हातात ब्रेक नव्हता. काकूंनी गाडीच्या मागच्या फळीवर थाप मारली आणि त्या अंग चोरून बाजूला सटकल्या. डबा मात्र गाडी आणि भिंतीच्या मध्ये सापडला. तो डबा नंतर ताट म्हणून वापरता आला असता.

काका खाली उतरून मागे आले. आधी काकूंकडे पाहिलं, मग डब्याकडे.

“तू बास म्हणाली नाहीस,” ते म्हणाले.

“म्हणाले.”

“नाही म्हणालीस.”

“दोनदा म्हणाले हो.”

त्यांची मुलगी दारात येऊन उभी होती. शिशुवर्गाला शिकवते ती, त्यामुळे कोणाशीही बोलताना हळू आणि स्पष्ट बोलते. “बाबा, उद्यापासून आई मागे उभी राहणार नाही. आपण ड्रायव्हर ठेवू.”

“ड्रायव्हर कशाला? मी मेलोय का?”

“तुम्ही नाही. आई आत्ता मेली असती.”

काकांनी वाकून चपटा डबा उचलला. तो उघडायचा प्रयत्न केला. उघडला नाही. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

“या दिव्यामुळे झालं. काही दिसतच नाही मागचं. उद्या झटक्याकडे नेतो.”

मित्रांनो, दोष माझ्यावर आला, पण मला वाईट वाटलं नाही. त्यांना कुठेतरी बोट दाखवायला जागा हवी होती, आणि मी तिथेच होतो. शिवाय ते अर्धं खरंही होतं.

झटका म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा. त्याला लहानपणी एकदा शॉक बसला होता, तेव्हापासून हे नाव. त्याने माझं झाकण उघडलं, मला बाहेर काढून उजेडात धरलं आणि म्हणाला, “काका, हा बल्ब आहे की वांगं?”

“बदल ना मग.”

“एलईडी टाकतो. रिव्हर्सचे दोन्ही. सिग्नलचेही टाकू, म्हणजे मागची सगळी मंडळी एका वयाची होतील.”

काकू सोबत आल्या होत्या. झटका मला फेकणार, तेवढ्यात त्यांनी हात पुढे केला. “इकडे दे. असू दे.” काकू काहीच टाकत नाहीत. त्यांनी मला समोरच्या तक्त्यावर, काचेला लागून ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीच्या पुढच्या भागात बसलो. तिथून बाजूचा आरसा दिसत होता. आपण इतकी वर्षं मागे काय करत होतो, ते मी आता बसून पाहू शकत होतो.

माझ्या जागी आलेला नवा बल्ब बारका, पिवळ्या ठिपक्यांचा. झटक्याने बसवला तर लागेना. “याला उलटं-सुलटं कळतं,” तो म्हणाला आणि त्याला काढून, फिरवून पुन्हा खोचला. मग लागला, पांढरा शुभ्र. मला कसंही बसवलं तरी मी पेटत असे. पण हा मोठेपणा कोणाला सांगणार.

सिग्नलचे नवे बल्ब बसले आणि वेगळीच गंमत झाली. ते वेड्यासारखे लुकलुकू लागले. गाडीला एकाच वेळी आठ ठिकाणी वळायचंय, असं वाटत होतं. “फ्लॅशर घाबरलाय,” झटका म्हणाला. फ्लॅशर म्हणजे सिग्नलची उघडझाप करणारी छोटी डबी. “नवे बल्ब करंट कमी खातात. याला वाटतंय बल्बच उडाला, म्हणून बोंब मारतोय. नवा फ्लॅशर टाकतो. काका, तोवर सिग्नल बंद करा.”

शेवटचं वाक्य तो मागून म्हणाला होता, आणि काका-काकू पुढे गाडीत बसले होते. थोड्या वेळाने तो खिडकीशी आला आणि त्याने काकांच्या तोंडासमोर विचारलं, “केला का बंद?”

“केव्हाच,” काका म्हणाले.

मित्रांनो, तेव्हा गाडीत पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा आवाज चालला होता. टकटकटकटक. माझी काचसुद्धा त्याने हलत होती. झटक्याने तोंड उघडलं, मग काकूंकडे पाहिलं आणि मिटलं. तो स्क्रूड्रायव्हर शोधू लागला. स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातातच होता.

काकांनी दोघांचे चेहरे पाहिले. मग आपला तळहात माझ्या शेजारी तक्त्यावर ठेवला. टकटक त्यांच्या बोटांना लागली.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं. आता ते सिग्नलबद्दल विचारत नव्हते.

“झाले बरेच दिवस,” काकू त्यांच्याकडे वळून म्हणाल्या.

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं. तेच तर ऐकू आलं नाही.”

काका हसले नाहीत. त्यांनी किल्ली काढली आणि काकूंच्या मांडीवर ठेवली. “विकून टाकू गाडी. काल डबा होता. उद्या…” इतकी वर्षं रोज बरोबर काम केलेली ती दोन माणसं. त्यातल्या एकाला आता स्वतःचीच भीती वाटत होती. मी त्या गल्लीत फार अपघात टळताना पाहिलेत, पण हा टळेल असं मला वाटेना.

काकूंनी किल्ली उचलली आणि परत जागेवर लावली. “विका. पण झटक्याने एवढी खटपट केलीय, आधी दिवा तरी बघून घ्या.” त्या खाली उतरल्या. नवा फ्लॅशर बसेपर्यंत थांबल्या. मग गाडीच्या मागे चालत गेल्या, लांब, झटक्याच्या शेडच्या अंधाऱ्या टोकाला भिंतीपाशी, आणि सरळ मागे नाही, जरा कडेला उभ्या राहिल्या.

काकांनी रिव्हर्स टाकला. आरसा पांढऱ्या उजेडाने भरून गेला. त्यात काकू होत्या, अख्ख्या. खोचलेला पदर, एका पायावर भार देऊन उभं राहायची सवय, कपाळावर आलेले पांढरे केस. माझ्या उजेडात त्या इतकी वर्षं नुसत्या एक सावली होत्या आणि एक आवाज. मला नव्या बल्बचा हेवा वाटला. थोडाच वेळ. मग मी त्याचे मनापासून आभार मानले, कारण जे मला दाखवता आलं नाही ते त्याने पहिल्याच दिवशी दाखवलं.

“दिसतेस,” काका पुटपुटले. काकूंना ऐकू जाणं शक्य नव्हतं.

काकूंनी दोन्ही हात वर केले आणि आपल्याकडे ओढल्यासारखे हलवले. गाडी मागे निघाली. हात हलत राहिले, गाडी येत राहिली. मग काकूंनी उजवा तळहात ताठ समोर धरला. गाडी थांबली. झटका मागे जाऊन गाडी आणि भिंतीमधलं अंतर बघून आला. “वीतभर,” तो म्हणाला. “काकू, विमानं उतरवायला जाता का?”

“आधी यांना कानाच्या डॉक्टरकडे नेते,” काकू खिडकीशी येऊन म्हणाल्या. “ऐकलंत? परवा गेला नाहीत तर मी हात वर करणार नाही.”

“जातो,” काका म्हणाले. काकूंचं बोलणं त्यांनी ओठांवरून ओळखलं की आवाजावरून, मला ठाऊक नाही.

त्या संध्याकाळी गल्लीत दोन मोठे आरसे उतरवायचे होते. मुलगी दारात हाताची घडी घालून उभी होती. काकू तिच्या शेजारी, भिंतीच्या कडेला उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंडाने एक अक्षर न बोलता गाडी आत घेतली. तळहात ताठ झाला. गाडी थांबली. मुलीने घडी सोडली आणि आरसा धरायला पुढे आली. ड्रायव्हरचा विषय तिने काढला नाही.

आता काकांच्या कानात यंत्र आहे. सिग्नल वेळेवर बंद होतो, त्यामुळे मागच्या गाडीवाल्यांचा सुरुवातीला गोंधळ झाला. मी अजून तक्त्यावरच आहे. काम काही नाही. पण दर वेळी गाडी मागे जाते तेव्हा मी आरशात त्या दोन हातांकडे बघतो, आणि इतका चांगला संसार जवळून पाहायला मिळाला म्हणून बरं वाटतं.

मित्रांनो, एवढंच मागतो. तुमच्या घरातलं मोठं माणूस दोन हाका मारूनही वळलं नाही, तर तिसऱ्या हाकेला आवाज चढवू नका, रागावूही नका. उठा, चार पावलं चाला आणि त्यांना तुमचा चेहरा दिसेल असे समोर जाऊन उभे राहा. मग जे सांगायचं ते सांगा. ते थांबतील.