सुरकुत्या नव्हत्या त्या

मी फोटोची काच बोलतेय. कॅमेऱ्यात घालतात ती, जिच्यावर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं उमटतं. गोड बोलायची माझी अजिबात इच्छा नाही. फोटोवाल्या केरबानं माझं वाटोळं केलंय आणि ते मी सांगणारच.

१९५२ साली सरोजिनीबाईंनी मला विकत घेतलं. त्या मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायच्या. दोन महिने रोज सकाळी रंकाळ्याकाठी चिखलात बसून चतुर, ते पाण्यावर भिरभिरणारे लांब शेपटीचे किडे, बघायच्या. येणारेजाणारे खिदळायचे, "बाई, माश्या मारताय व्हय?" दुसऱ्याचं वेड दिसलं की माणसांना तोंड आवरत नाही.

आश्विनात एकदा त्यांना वेगळाच चतुर दिसला. दवानं पंख भिजल्यामुळे तो लव्हाळ्यावर निमूट बसला होता. त्याच्या पंखांतली शिरांची जाळी बाईंनी पाहिलेल्या कुठल्याच चतुराशी जुळत नव्हती. पुण्याच्या एका अभ्यासकाला ती दाखवायलाच हवी होती. डबीतल्या काचांपैकी मी एकटीच उरले होते. बाईंनी श्वास रोखून फोटो घेतला. ऊन चढलं, चतुर उडाला आणि पुन्हा कधी दिसला नाही. पण शीर न शीर माझ्यात उतरली होती. मला फार अभिमान वाटला.

मग मला धुवायला केरबाच्या स्टुडिओत दिलं. काचेवर पेन्सिल फिरवून म्हाताऱ्यांना तरणं करण्यात त्याचा हात नावाजलेला. त्यानं कुणाला न विचारता माझ्यावरचं चित्र झिजवणारी बारीक पूड घासली आणि टोकदार पेन्सिलीनं एकेक शीर बुजवली. मला ओरडता येत नव्हतं.

बाई आल्या तेव्हा हा छाती फुगवून म्हणाला, "पाखाला सुरकुत्या लई हुत्या की! समद्या घालवल्या."

"अहो, शिरा होत्या त्या! त्यांच्यावरूनच त्याची ओळख पटणार होती!"

बाईंनी घाईघाईनं पेन्सिल पुसून पाहिली. पुडीनं खालच्या शिराही खाल्ल्या होत्या.

केरबा चिडला. "स्थळाला धाडायच्या फोटोतलं तुमचं देवीचं वण मीच घालवलं. तवा न्हाय वरडला ते?"

बाईंचा हात गालाकडे गेला. "तेव्हाच ओरडायला हवं होतं. बघायला आलेली माणसं चहा न घेता उठून गेली, केरबा."

मला तिथंच टाकून त्या निघून गेल्या. केरबानं माझी प्रत दर्शनी कपाटात लावलीय. लोक थांबतात, "काय गुळगुळीत पंख!" म्हणतात. तुम्हीही थांबाल. कौतुक करू नका. आत या आणि मला फोडून टाका. असला चतुर रंकाळ्यावर कधी नव्हताच.